कॅबिनेटचं कपाळ

नगरला मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्यावर माझं दुकान आहे. आत शिरलं की समोरच्या भिंतीवर मेलेले मदरबोर्ड दिसतात, खिळ्यांना सुतळीने टांगलेले, ओळीने. नव्या गिऱ्हाइकाला ती सजावट वाटते. एका गृहस्थाने तर बैठकीच्या खोलीत लावायला त्यातला एक मागितला होता. मी त्याला सांगितलं की हे विकायला ठेवलेले नाहीत, यांच्यावर माझा अभ्यास चालतो. त्यावर त्याने नेहमीचा प्रश्न विचारला, "साहेब कधी येतील?"

माझे साहेब शाळेत भूगोल शिकवतात आणि स्क्रू ड्रायव्हर कुठल्या टोकाला धरायचा हे त्यांना अजून सांगावं लागतं. दुकान माझं आहे. कॉम्प्युटर मी जोडते. गेली अठरा वर्षं जोडतेय आणि गेली अठरा वर्षं हे वाक्य लोकांना ऐकवतेय.

गिऱ्हाईक आलं की प्रोसेसरबद्दल बोलतं. त्याच्या भाच्याने काहीतरी सांगितलेलं असतं. मग मेमरी किती, पंख्याला रंगीत दिवे आहेत का, काच आरपार आहे का, असं करत करत सगळ्यात शेवटी, चप्पल घालता घालता, "मदरबोर्ड काय, कुठला तरी टाका." इथे माझं डोकं फिरतं. मदरबोर्ड म्हणजे कॅबिनेटमधली, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यातली, ती मोठी पाटासारखी प्लेट, जिच्यावर बाकीचे सगळे येऊन बसतात. मेमरी गेली तर चहा उकळेपर्यंत बदलून होते. बोर्ड गेला की सगळ्यांना उठवून नव्या जागी बसवावं लागतं, आणि ज्याचं काम अडलेलं असतं तो तोवर आपल्या डोक्यावर बसतो. पण लोकांना पंख्याचे दिवे बघायचे असतात.

मी बोर्ड निवडते तो असा. बाजारात नुकतंच आलेलं मॉडेल घ्यायचंच नाही. आधी वर्षभर पुण्यामुंबईच्या लोकांनी ते वापरावं, त्यांचे जळावेत, त्यांनी शिव्या द्याव्यात, मग आपण नगरला आणावं. आला की खोक्यातून काढून हातावर तोलायचा. प्रोसेसरला वीज पोचवणाऱ्या भागावर धातूचा जाड ठोकळा असेल तर तो आपला उन्हाळा काढतो, नसेल तर एप्रिलमध्ये राम म्हणतो. त्यानंतर पुण्याच्या सर्व्हिस सेंटरमधल्या एका माणसाला फोन करायचा आणि विचारायचं की हल्ली टेबलावर कुठल्या बोर्डांचा ढीग पडलाय. तो खरं सांगतो. कंटाळलेली माणसं बहुतेक खरंच बोलतात. एवढं सगळं करून शेवटी भिंतीकडे बघायचं. त्या घराण्यातला कुणी भिंतीवर लटकत नसेल तरच पुढे जायचं.

भिंतीवरच्या प्रत्येक बोर्डाची एका जाड वहीत नोंद आहे. घरात तिला सगळे मयतवही म्हणतात. गाव, किती दिवस जगला, मृत्यूचं कारण. शेवगाव: मुंग्या, साखरेच्या डब्याशेजारी ठेवल्यामुळे. राहाता: पाल. त्याखाली पुन्हा राहाता: दुसरी पाल, बहुधा पहिलीला शोधायला आलेली. एका साखर कारखान्याच्या वस्तीवरचा गळीत हंगामात काजळी बसून गेला. सावेडीतल्या एकाचा धाकट्या जावयाने स्पीड वाढवून दाखवताना. वही वाचली की लक्षात येतं की बोर्ड सहसा आपल्या मरणाने मरत नाहीत, त्यांना माणसं मारतात. हे माझं मत मी कुणी विचारो न विचारो सांगत असे.

तर हिवरे बाजारच्या अलीकडे एक लहान गाव आहे. तिथल्या दूध संकलन केंद्राचे सचिव एक दिवस दुकानात आले. पन्नाशीचे, टोपी घडी करून खिशात ठेवणारे, आणि बोलता बोलता प्रत्येक गोष्ट लिहून घेणारे. "साहेब कधी येतील" हे त्यांनी विचारलं नाही, म्हणून मी त्यांना लगेच खुर्ची दिली.

त्यांची अडचण अशी होती. केंद्रावर दूध आलं की एक मशीन फॅट सांगतं, काटा वजन सांगतो, आणि दोन्ही आकडे वायरीतून कॉम्प्युटरमध्ये जाऊन चिठ्ठी छापून येते. त्यांचा तयार घेतलेला कॉम्प्युटर दीड वर्षात दोनदा जळला होता. कॉम्प्युटर बंद पडला की रांग थांबते, दूध थांबत नाही, ते नासायला लागतं. त्यांना टिकाऊ मशीन जोडून हवं होतं.

मी म्हटलं, "मी देते. एक बोर्ड निवडते, बघा कसा चालतो."

"तुमी निवडून भागायचं न्हाई मॅडम," सचिव म्हणाले. "आमच्याकडं सगळं ग्रामसभेत ठरतं. शेजारच्या हिवरे बाजारचं बघून आमालाबी सवय लागली. बोर पाडायची का न्हाई ते सभेत, वरातीत डीजे लावायचा का न्हाई ते सभेत. कॉम्प्युटरचं सोडलं तर लोक मला सोडायचे न्हाईत."

अशा रीतीने सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर मी मारुतीच्या देवळासमोरच्या पारावर उभी राहून शंभरावर उंबऱ्यांच्या गावाला मदरबोर्ड कसा निवडायचा हे सांगत होते. सोबत भिंतीवरचा एक मयत आणि खोक्यातला एक जिवंत असे दोन बोर्ड नेले होते. मयताला सगळ्यांच्या हातात देता येतं. जिवंताला मी छातीशी धरून बसले.

पुढच्या रांगेत एक आजी होत्या, दोन म्हशींच्या मालकीण. त्यांनी मयत हातात घेतला, उलटा केला, नाकाशी नेला.

"म्हैस घ्यायला गेलं का आमी कास बघतो, दात बघतो, चालवून बघतो," त्या म्हणाल्या. "ह्याचं काय बघायचं?"

मी म्हटलं, "आजी, त्यावर छोटे छोटे उभे डबे दिसतात का, नळकांड्यांसारखे? ते बघा."

आजींनी बोटाने एकेक चाचपला आणि एकावर थांबल्या. "ह्याचं प्वाट फुगलंय."

"बरोबर."

"प्वाट फुगून मेलं व्हय?"

"हो, त्यानेच मेला." सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाला जे शोधायला चष्मा लागतो ते आजींनी बोटाने शोधलं होतं. मी सभेला सांगितलं की नव्या बोर्डावर हे डबे चांगल्या जातीचे हवेत, ते फुगत नाहीत. पुढे धातूच्या ठोकळ्याबद्दल सांगितलं. केंद्राची खोली पत्र्याची आहे, गरम हवा वर जाते, म्हणून डब्याला वरून जाळी हवी, हेही सांगितलं. लोक मन लावून ऐकत होते आणि मला फार बरं वाटत होतं. इतकी वर्षं ज्यांना मदरबोर्ड समजावून सांगावा अशी माणसं मी शोधत होते आणि ती सगळी इथे पारावर बसलेली होती.

तेवढ्यात मागून एक तरुण शेतकरी उठला. "कंपनीचा तयार घेऊ. काय झालं तर कंपनीला धरता येतं. ह्या बाई काय, उद्या दुकान गुंडाळलं तर कुनाला धरायचं?"

दुकान गुंडाळलं हा शब्द मला झोंबला. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणाले, "मी निवडलेला बोर्ड दोन वर्षांच्या आत गेला तर दुकानाची पाटी उतरवीन."

सचिवांनी वही उघडली. "लिहू का, मॅडम?"

"लिहा."

त्यांनी लिहिलं. त्यांचं अक्षर फार सुंदर आहे.

परत येताना स्कूटरवर माझ्या लक्षात आलं की मी काय बोलून बसले. दुकान माझं असलं तरी पाटी माझी नव्हती, ती बाबांची होती.

माझे बाबा पाट्या रंगवायचे. या जिल्ह्यात एके काळी निम्म्या दुकानांवर, शाळांच्या भिंतींवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांच्या मागे त्यांचं अक्षर होतं. मग फ्लेक्स आले. फ्लेक्स कॉम्प्युटरवर तयार होतात, आणि मी धंदा सुरू केला तेव्हा माझी पहिली गिऱ्हाइकं फ्लेक्सवालेच होते. बाबा एकदाच म्हणाले, "तुझ्या डब्यांनी माझा ब्रश वाळवला," आणि दुसऱ्या दिवशी पत्रा आणून माझ्यासाठी पाटी रंगवायला बसले. पिवळी जमीन, लाल अक्षरं, त्यांना निळी सावली: येथे खात्रीचे कॉम्प्युटर जोडून मिळतील. खाली रस्ता आणि अहमदनगर. ती त्यांची शेवटची पाटी ठरली. पुढे त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आता ते रोज दुकानात येऊन खुर्चीवर बसतात आणि मी त्यांना चहा अर्धा कप देते, म्हणजे सांडत नाही.

पाटीचं बोलणं मी त्यांना सांगितलंच नाही. त्यापेक्षा बोर्ड नीट निवडणं सोपं होतं, निदान तेव्हा तसं वाटलं.

तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. पहिल्यांदा जो पसंत पडला तो महागडा होता, वजनाला भक्कम, धातूचे ठोकळे असे की नारळ फोडावा. भिंतीवर त्याच्या घराण्यातलं कुणी नव्हतं. सगळं ठरल्यावर लक्षात आलं की दुधाच्या काट्याची वायर जुन्या पद्धतीची, नऊ पिनांची आहे, आणि या नवाबाला ती लावायची सोयच नाही. असल्या वायरी त्याच्या खानदानात कुणी पाहिल्याच नव्हत्या. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी ऑफिसांमध्ये वापरतात तसला एक साधा, काळपट बोर्ड सापडला. दिवे नाहीत, नक्षी नाही, नऊ पिनांची जागा आहे, आणि पुण्याचा माणूस म्हणाला, "हा माझ्या टेबलावर मी कधी बघितलेलाच नाही." मी एकदम दोन मागवले, एक लावायला आणि एक कपाटात.

साहेब म्हणाले, "आपलं लग्न दहा मिनिटांत ठरलं होतं."

"म्हणून तर आता नीट बघून घेतेय," मी म्हटलं.

कॉम्प्युटर बसवायला मी फेब्रुवारीत गेले. वीज तपासली, अर्थिंग नवं घालून घेतलं, साखरेचा डबा खोलीतून हद्दपार केला, वायरी जातात त्या भोकांना पाल शिरू नये म्हणून जाळी मारली. मयतवहीतलं एकेक कारण मी निकालात काढत होते. मशीन चालू झालं, पहिली चिठ्ठी छापून आली आणि मी पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला. तो माझ्या पिशवीत स्क्रू ड्रायव्हरच्या शेजारी कायम असतो. बाबांचा दंडकच आहे की मशीन असो नाहीतर म्हैस, दारात आली की कुंकू लागलं पाहिजे.

गाव दारात जमलं होतं. आजींनी विचारलं, "कपाळ कुठलं ह्याचं?"

मी क्षणभरही विचार न करता म्हटलं, "वर," आणि कुंकवात पाण्याचा थेंब टाकून डब्याच्या वर, जाळीच्या कडेला, ठसठशीत बोट लावलं. वर दोन अक्षता ठेवल्या. सगळ्यांनी हात जोडले. मला माझं उत्तर फार समयसूचक वाटलं होतं.

त्यानंतरचं दीड वर्ष मी मिरवत होते. उन्हाळा गेला, वळवाच्या विजा कडाडून गेल्या, बोर्ड ढिम्म. कुणी गिऱ्हाईक आलं की मी त्या गावचं उदाहरण द्यायचे. मध्येच जिल्ह्याचं नाव बदलून अहिल्यानगर झालं आणि फ्लेक्सवाल्यांची चंगळ झाली. बाबा म्हणाले, "पाटी उतरव, खालचं नाव मी बदलून देतो."

मी म्हटलं, "राहू दे बाबा. लोक नगरच म्हणतात. जुन्या नावानंही पोस्टमन येतोच की."

दोन महिन्यांनी पुन्हा म्हणाले, मी पुन्हा तेच सांगितलं. खरं कारण पोस्टमन नव्हतं. तो हात पत्र्यावर थरथरताना मला बघायचा नव्हता, आणि मी बघतेय हे त्यांना कळायला नको होतं. म्हणून जिल्ह्याचं नाव मी जुनंच ठेवलं.

दुसऱ्या दसऱ्याला, दोन वर्षं व्हायला चार महिने कमी असताना, दुपारी सचिवांचा फोन आला. मी श्रीखंड वाढत होते.

"मॅडम, डबा बंद पडला."

"काय केलं होतं?"

"काय न्हाई. निस्ती पूजा केली."

मी कपाटातला दुसरा बोर्ड उचलला आणि निघाले. रस्ताभर मी वीज मंडळाला शिव्या देत होते, कारण तोवर तेच दोषी आहे याबद्दल मला शंका नव्हती.

खोलीत गेले आणि डब्याकडे बघून थांबले. वरची जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर हळदीकुंकवाचा बोटभर ओला थर होता, त्यात अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, अगरबत्तीची राख आणि खोबऱ्याचा एक तुकडा रुतलेला. कडेने काहीतरी पांढरं ओघळून वाळलं होतं. मी बोट लावून वास घेतला. दूध होतं.

सगळी हकीकत सचिवांनीच सांगितली, थोडी अभिमानानेच. पहिल्या दसऱ्याला त्यांनी एकट्याने एक बोट कुंकू लावलं होतं. त्यावर पुढच्या वर्षी पंधरा ऑगस्टच्या सभेत तक्रार आली की मशीन सगळ्या गावाचं, मग पूजा एकट्या सचिवांनी का करायची. ठराव झाला की प्रत्येक घराने आपापलं कुंकू लावावं. एकमताने मंजूर. त्यात कुणीतरी सुचवलं की हे दुधाचं मशीन, तर प्रत्येकाने आपल्या गोठ्यातल्या त्या दिवशीच्या पहिल्या धारेचा शिंतोडाही द्यावा. तेही मंजूर.

"आणि मशीन चालू होतं?" मी विचारलं.

"मग? बंद मशीनची पूजा म्हंजी झोपलेल्या देवाची पूजा."

मी डबा उघडला. शंभरावर घरांची भक्ती जाळीतून गाळून खाली बोर्डावर उतरली होती. मेमरीच्या खाचेपाशी काळा डाग होता आणि लागलेल्या खिरीसारखा वास येत होता. ब्रशने झाडला, स्पिरिटने पुसला, उन्हात ठेवला, पुन्हा लावला. काही नाही. माझा काळपट, गुणी, कधीही कुणाच्या टेबलावर न गेलेला बोर्ड गेला होता. मुंग्या, पाली, विजा, जावई, सगळ्यांचा बंदोबस्त करून मी गावालाच विसरले होते.

दुसरा बोर्ड लावायला दीड तास लागला. संध्याकाळचं दूध वेळेवर घेतलं गेलं, चिठ्ठ्या निघाल्या, रांग संपली. गावाचं काम अडलं नाही. कॅन धुऊन झाल्यावर लोक आपापल्या घरी जायच्या ऐवजी खोलीतच रेंगाळले. सचिवांनी ठरावाची वही काढून टेबलावर ठेवली, उघडली मात्र नाही.

मी तयारीतच होते. म्हटलं, "वरून दूध ओतल्यावर जगातला कुठलाही बोर्ड टिकणार नाही. यात बोर्डाचा दोष नाही आणि माझाही नाही. चूक तुमची आहे."

मग आजींनी, अगदी साध्या आवाजात, विचारलं, "बाई, कपाळ वर हाय असं आमाला कुनी सांगितलं?"

मी डब्याकडे बघितलं.

"आमी तर तू दावलं तिथंच लावलं," आजी म्हणाल्या.

समोर, पडद्याच्या चौकटीवर, टेबलाच्या पायावर, कुठेही ते बोट लावता आलं असतं. डब्याला सहा बाजू असतात. त्यातल्या ज्या एका बाजूला भोकं होती, आणि ती का हवीत यावर मी स्वतः पारावर व्याख्यान दिलं होतं, तिथेच मी पाण्यात कालवलेलं कुंकू लावून गावाला धडा घालून दिला होता. अठरा वर्षं भिंतीवरच्या प्रत्येक मयतासाठी मी दुसऱ्या कुणाला तरी जबाबदार धरत आले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला स्वतःचा इतका राग आला की हसूच फुटलं, आणि मग सगळी खोली हसली.

ज्या तरुण शेतकऱ्याने मला चिडवलं होतं तोच म्हणाला, "राहू द्या मॅडम. पुढच्या सभेत तुमच्या पाटीचा ठराव रद्द करू."

समजुतीने घेतलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण माझा स्वभाव तसा नाही. "लिहिलंय ना?" मी म्हटलं. "मग उतरवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा यायच्या आत पाटी काढून टाकायची असं मी ठरवलं होतं. शिडी लावली, खिळे गंजलेले निघाले, आणि पाटी हातात धरून मी खाली उतरत होते तेव्हा ते दुकानाच्या पायरीपाशी उभे होते.

"काय झालं?"

मी सगळं सांगितलं. सभा, शपथ, कपाळ, कुंकू. दुधापर्यंत आले तेव्हा ते हसायला लागले आणि ठसका लागेपर्यंत हसत राहिले. मग त्यांनी पाटी टेबलावर आडवी ठेवायला लावली, सदऱ्याच्या टोकाने तिच्यावरची धूळ पुसली आणि म्हणाले, "टर्पेंटाईन आण."

"बाबा, रंगवायची नाहीये. मी उतरवीन म्हणून शब्द दिलाय."

"उतरवलीस ना? परत चढवणार नाही, असं म्हणाली होतीस का?"

मला आठवेना. मी सचिवांना फोन केला. त्यांनी वही आणून आपल्या सुंदर अक्षरातला ठराव सावकाश वाचून दाखवला. त्यात परत न चढवण्याचा शब्द नव्हता. "बघा, न्हाईच," ते म्हणाले. त्यांना माझ्यापेक्षा जास्त हायसं वाटलेलं दिसलं. मग म्हणाले, "फकस्त एक करा मॅडम. कुंकू कुठं लावायचं ते त्या पाटीवरच लिवून टाका. आमच्यासारखी लई गावं हायेत."

बाबांनी लाकडी पेटी घरून मागवली. ब्रश केसांसकट ताठ झाले होते, ते भिजवून मऊ करण्यात एक सकाळ गेली. मग ते बसले. डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट धरलं आणि पहिलं अक्षर काढलं. रंग ओघळला. त्यांनी चिंधीने पुसलं आणि पुन्हा काढलं. पुन्हा पुसलं. मी समोर एक कॅबिनेट उघडून बसले होते आणि त्यात करण्यासारखं काहीही नव्हतं. हेच बघायला लागू नये म्हणून मी वर्षभर पोस्टमनची सबब सांगत होते. आता ते समोरच चाललं होतं, मला रडू येत होतं, आणि ते मात्र मजेत होते. मध्येच मान तिरकी करून अक्षराकडे बघत, जुन्या सवयीने ओठ आत ओढत.

सहा शब्दांना तीन सकाळी लागल्या. कुंकू समोरून लावावे, वरून लावू नये.

"वाकडं आलंय," ते म्हणाले.

"हो."

"वाचता येतंय ना?"

"येतंय."

"मग झालं."

जळालेला बोर्ड मी भिंतीवर टांगला, त्याचं कुंकू न पुसता. मयतवहीत त्याची नोंद केली. मृत्यूचं कारण या रकान्यात बराच वेळ काय लिहावं कळेना. दूध लिहिलं असतं तरी खरंच होतं. शेवटी लिहिलं: मी. बाबांनी वाचलं आणि मान हलवली.

पाटी पुन्हा वर चढली. वरची मोठी ओळ ताठ आहे आणि खालची लहान ओळ चालताना अडखळल्यासारखी, आणि येणारा प्रत्येक जण आधी खालचीच वाचतो. गिऱ्हाईक आत येऊन हसत विचारतं की ही काय भानगड आहे. मग मला सगळं सांगावं लागतं, आणि ते ऐकता ऐकता लोक मदरबोर्डाबद्दलही ऐकून घेतात. साहेब कधी येतील हे विचारायचं बरेच जण विसरतात.

बाबांनी ब्रश धुतले, पण पेटीत ठेवले नाहीत. खिडकीत एका ग्लासात उभे करून ठेवले. दोन दिवसांनी अर्धा कप चहा संपवून म्हणाले, "खाली जिल्ह्याचं नाव अजून जुनंच आहे."

मी शिडी आणायला उठले.